कुमसाराची तयारी: रांगेत उभे राहण्याआधी

ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला की वसईतल्या चर्चमध्ये प्रायश्चित्त संस्काराचे दिवस जाहीर होतात. शेजारच्या धर्मग्रामांतले, म्हणजे इतर चर्चच्या हद्दींतले, फादर मदतीला येतात. चर्चमध्ये, कधी बाहेर आवारातही, खुर्च्या मांडल्या जातात आणि कामावरून परतलेली माणसे विरार लोकलमधून उतरून थेट रांगेत येऊन उभी राहतात. कुमसार म्हणतात आमच्याकडे फादरांपुढे आपल्या पापांची कबुली देण्याच्या ह्या संस्काराला. रांग पुढे सरकत असते आणि बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: आता सांगायचे काय?

मग लहानपणी पाठ केलेली यादी मदतीला येते. आईवडिलांचे ऐकले नाही, खोटे बोललो, भांडलो, प्रार्थना चुकवली. ही यादी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शोभते. पन्नाशीचा माणूस, ज्याचे आईवडील जाऊनही वर्षे लोटली, तो जवळपास हीच चार वाक्ये म्हणून उठतो तेव्हा मला त्याच्यासाठी वाईट वाटते. त्याने काही लपवलेले नसते. त्याच्याकडे आज सांगण्यासारखे खरे काय आहे, हे त्याने शोधलेलेच नसते. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवते आणि मोठ्यांशीही ह्या विषयावर बोलते. त्यावरून माझे मत असे झाले आहे की कुमसार जड वाटण्याचे खरे कारण भीती किंवा लाज नाही, तयारीचा अभाव आहे. म्हणून ह्या लेखात कुमसाराच्या खुर्चीपेक्षा त्याआधीच्या संध्याकाळबद्दल मी जास्त बोलणार आहे.

आधी थोडक्यात ह्या संस्काराचा सांगाडा पाहू, कारण आपल्या कॅथलिक नसलेल्या शेजाऱ्यांनाही ह्याबद्दल कुतूहल असते. बाप्तिस्म्यानंतर माणसाच्या हातून पाप होते. देवाशी, माणसांशी आणि ख्रिस्तसभेशी, म्हणजे चर्च ह्या श्रद्धावंतांच्या समुदायाशी, असलेले त्याचे नाते दुखावते. ते नाते पुन्हा जुळवण्यासाठी येशूने आपल्या शिष्यांना अधिकार दिला, असे चर्च मानते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांवर फुंकर घालून म्हणतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल. क्षमा देवच करतो. फादर ती देवाच्या आणि चर्चच्या वतीने उच्चारतात. ट्रेंटच्या महासभेने (चर्चच्या बिशपांच्या सभेने) १५५१ साली ह्या संस्कारात पाप करणाऱ्याच्या वाट्याच्या तीन गोष्टी सांगितल्या: मनापासून पश्चात्ताप, तोंडाने कबुली आणि झालेल्या नुकसानीची भरपाई. चौथी गोष्ट, क्षमेचे शब्द, धर्मगुरूंच्या वाट्याची. नीट पाहिले तर ह्यातली पहिली गोष्ट घरीच होऊ शकते आणि तिसरी बहुतांशी चर्चच्या बाहेरच होते. खुर्चीपाशी जातात ती पाच-सात मिनिटे.

हा संस्कार आज दिसतो तसा सुरुवातीपासून नव्हता. पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार, श्रद्धेचा त्याग अशा महापातकांसाठी सर्वांसमक्ष प्रायश्चित्त घ्यावे लागे. ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चाले आणि सहसा आयुष्यात एकदाच मिळे. त्यामुळे पुष्कळ लोक ते मरणाच्या उंबरठ्यापर्यंत पुढे ढकलत. सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगीत, पुन्हा पुन्हा करता येईल अशा कबुलीची रीत युरोपभर नेली. १२१५ साली चौथ्या लॅटरन महासभेने समजत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा कुमसार करावे असा नियम केला. मधे जाळी असलेली लाकडी कुमसार-पेटी रूढ केली ती सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ ह्यांनी. स्त्रियांना निर्धास्तपणे, सर्वांच्या नजरेसमोर असलेल्या जागी पण तोंड न दाखवता बोलता यावे, हा त्यामागचा एक हेतू. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर १९७३ साली नवा विधी आला. त्यात बायबलचे वाचन आले आणि समोरासमोर बसून बोलण्याची मोकळीक आली. पण आपले पाप आपल्या शब्दांत सांगावे आणि क्षमा आपल्या कानांनी ऐकावी, एवढा गाभा ह्या सगळ्या बदलांत टिकून राहिला.

आता तयारीकडे वळते.

स्वतःकडे पाहणे

पहिली पायरी प्रार्थनेची. ती गाळून थेट 'माझे काय चुकले' ह्या प्रश्नावर उडी मारली तर दोनपैकी एक होते. एकतर आपण स्वतःचे वकील होतो, नाहीतर स्वतःचे फौजदार. पवित्र आत्म्याकडे दोन वाक्यांत प्रकाश मागावा आणि मग आधी कृतज्ञतेने सुरुवात करावी: गेल्या महिन्यात देवाने काय दिले, कोणी मला सांभाळून घेतले. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी विवेकपरीक्षेची, म्हणजे स्वतःचे मन तपासण्याची, जी रीत घालून दिली तिची पहिली पायरी आभाराची आहे, हे फार शहाणपणाचे वाटते. आपल्याला मिळालेले प्रेम डोळ्यांपुढे असले की त्या प्रेमाला आपण कुठे पाठ फिरवली ते आपोआप दिसू लागते.

त्यानंतर बायबलमधला एखादा उतारा वाचावा. स्तोत्र ५१ पुष्कळांना माहीत असते. मी त्याबरोबर शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्यायही सुचवते. दावीद राजाने उरियाची बायको पळवली, उरियाला युद्धात मारवले आणि तो निवांत होता. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येऊन एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी हिसकावून पाहुण्याला कापून घातली. दावीद संतापतो, त्या श्रीमंताला शिक्षा सुनावतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस. दावीदाचा अंतरात्मा मेला नव्हता. अन्याय त्याला लगेच दिसला, फक्त तो दुसऱ्याचा आहे असे त्याला वाटले. विवेकपरीक्षा करताना मी हाच मार्ग धरते. गेल्या काही दिवसांत मला दुसऱ्या कोणाचा फार राग आला? कशाबद्दल? आणि तीच गोष्ट मी कुठे करते आहे?

दहा आज्ञांची यादी समोर ठेवून तपासणे ही जुनी आणि उत्तम पद्धत आहे, पण आज्ञा आपल्या पत्त्यावर आणून वाचावी लागते. 'चोरी करू नको' म्हटल्यावर आपण पाकीटमाराचा विचार करतो आणि पुढे सरकतो. वसईच्या पट्ट्यात ही आज्ञा वाचायची तर वाडीचे आणि जमिनीचे व्यवहार आठवायला हवेत. बहिणीचा हिस्सा तिची सही घेऊन आपल्या नावावर केला का? घरभाडे घेताना आणि जमीन विकताना कागदावर एक आणि हातात एक असे केले का? वाडीत राबणाऱ्या आदिवासी मजुराला ठरलेली मजुरी वेळेवर दिली का? 'खोटी साक्ष देऊ नको' म्हणजे आज मुख्यतः मोबाइल. शहानिशा न करता कोणाच्या चारित्र्याबद्दलचा मजकूर पुढे पाठवला का? एखाद्या धर्माच्या, जातीच्या लोकांबद्दल द्वेष पसरवणारा मजकूर गटात आला तेव्हा अंगठा उचलून दाखवला का? 'आईवडिलांचा मान राख' ही आज्ञा चौथीतल्या मुलापेक्षा चाळिशीतल्या माणसाला जास्त लागू आहे. म्हातारी आई कोणाकडे राहणार ह्यावरून भावंडांत जे बोलणे होते ते तिच्या कानावर पडते, हे आपल्याला ठाऊक असते.

मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला आपण जी कबुलीची प्रार्थना म्हणतो तिच्यात विचार, शब्द आणि कृती ह्यांच्या जोडीला करायचे राहून गेलेल्या कर्तव्यांचाही उल्लेख आहे. माझ्या मते प्रौढ माणसाच्या कुमसाराचा निम्मा भाग इथे असायला हवा. शेजारच्या घरात मारहाण चालली होती आणि मी खिडकी लावून घेतली. कामाच्या ठिकाणी एकावर खोटा आळ आला आणि मला सत्य माहीत असून मी गप्प राहिले. चार वर्षे भावाशी बोलणे नाही आणि पहिला फोन मी केला नाही. ह्या गोष्टी आपण पाप म्हणून मोजत नाही, कारण त्यांत आपण 'काही केलेले' नसते.

इथे उलट बाजूही स्पष्ट सांगायला हवी. काही बाया कुमसाराला जाऊन सांगतात, 'नवऱ्यावर रागावते, त्याचा तिरस्कार येतो.' थोडे विचारले की कळते की तो दारू पिऊन मारतो. मार खाणे हे पाप नाही. मारणाऱ्याचा राग येणे, त्याच्यापासून दूर जावेसे वाटणे हेही पाप नाही. लहानपणी कोणी आपल्या शरीराशी गैरवर्तन केले असेल तर ते पाप पूर्णपणे त्या माणसाचे आहे, त्या मुलाचे किंवा मुलीचे त्यात तिळभरही काही नाही. अशी ओझी घेऊन आलेल्या व्यक्तीला क्षमेची गरज नसते. तिला मदतीची, संरक्षणाची आणि कायद्याच्या आधाराची गरज असते. दुसऱ्याचे पाप आपल्या नावावर लिहून घेऊ नये, हाही विवेकपरीक्षेचाच भाग आहे.

गंभीर आणि किरकोळ

सगळी पापे सारखी नसतात. एखादे पाप गंभीर ठरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, असे चर्चची शिकवण सांगते: ती गोष्ट मुळात गंभीर असावी, ती गंभीर आहे हे आपल्याला पुरते माहीत असावे आणि ती आपण स्वखुशीने, विचारपूर्वक केलेली असावी. भीतीने, सवयीच्या विळख्यात, व्यसनाच्या अमलाखाली झालेल्या गोष्टींत जबाबदारी कमी होऊ शकते. ती किती कमी होते ह्याचा निवाडा आपण एकट्याने करत बसू नये, फादरांना परिस्थिती सांगावी. परीक्षणानंतर जी गंभीर पापे आठवतात ती सगळी, कोणत्या प्रकारची आणि साधारण किती वेळा हे सांगून, कबूल करायची असतात. गंभीर पाप मनावर असताना कुमसार केल्याशिवाय मिस्सात मिळणारा ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घ्यायचा नसतो. किरकोळ पापे सांगण्याची सक्ती नाही, पण चर्च ती सांगण्याची शिफारस करते, कारण स्वभाव तिथेच घडत असतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची भक्ती करणारी आमच्याकडची पुष्कळ माणसे दर महिन्याला कुमसाराला जातात. त्यांना रांगेत सहसा प्रश्न पडत नाही, कारण महिन्याभराचे आठवायला सोपे असते.

'किती वेळा' विचारतात म्हणून काही जण घाबरतात. हिशेबाची वही नको असते. 'आठवड्यातून एक-दोनदा', 'गेले वर्षभर, अधूनमधून' एवढे पुरते. सवय आहे की एकदाच घसरलो, हे फादरांना कळावे इतकाच त्याचा उपयोग. मात्र नेमकेपणा हवा. 'मी प्रेमाने वागले नाही' ह्या वाक्यात काहीच नाही, ते कोणीही कोणाहीबद्दल म्हणू शकेल. 'सासूबाई आजारी असताना मी त्यांना मुद्दाम दोन दिवस विचारले नाही' ह्या वाक्यात पाप आहे, माणूस आहे आणि आता काय करायचे तेही आहे. नेमके बोलायला लाज वाटते, आणि ती लाज वाटणे चांगलेच आहे. पण तपशील वाढवून कथा करण्याची, दुसऱ्यांची नावे घेण्याची गरज नाही.

ज्यांचे मन कुमसारानंतरही शांत होत नाही, 'हे सांगायचे राहिले, ते नीट सांगितले नाही' असे सतत कुरतडत राहते, त्यांच्यासाठी इग्नेशियसची हकिगत सांगते. १५२२ साली स्पेनमधल्या मोन्सेरात इथल्या मठात त्याने आपली पापे लिहून काढून तीन दिवस कबुली दिली. त्यानंतर मान्रेसा गावी असताना त्याला शंकांनी इतके छळले की जीव देण्याचा मोह झाला. पुन्हा पुन्हा जुनी पापे सांगूनही चैन पडेना. शेवटी एके दिवशी त्याला लख्ख उमगले की हा छळ देवाकडून आलेला नाही, आणि जुने पुन्हा कबूल करायचे नाही असे त्याने ठरवले. तेव्हा तो सुटला. विवेकपरीक्षेचा एवढा मोठा शिक्षक ह्यातून गेलेला आहे. अशा शंकेखोर मनाच्या माणसाने एकच फादर धरावेत, ते सांगतील ते मानावे आणि परीक्षणाला पंधरा मिनिटांच्या वर वेळ देऊ नये. विसरलेले पाप क्षमेत आलेले असते. ते गंभीर असेल आणि पुढे आठवले तर पुढच्या वेळी एका वाक्यात सांगावे, तोवर ख्रिस्तप्रसादापासून दूर राहायचे कारण नाही. आणि ही घालमेल दिवसरात्र चालत असेल तर डॉक्टरांनाही दाखवावे. त्यात श्रद्धेची काही कमतरता नाही.

पश्चात्ताप म्हणजे रडू येणे नव्हे

यादी तयार झाली म्हणजे तयारी झाली असे नाही. विवेकपरीक्षेला आपण अर्धा तास देतो आणि पश्चात्तापाला एक पाठ केलेली प्रार्थना. खरे तर पश्चात्ताप नसेल तर बाकीचे सगळे असूनही संस्कार घडत नाही.

'मला काही वाटतच नाही' असे कोणी म्हणाले तर मी विचारते, 'ते झाले नसते तर बरे झाले असते असे वाटते का? पुन्हा करायचे नाही असे ठरवायला तयार आहात का?' उत्तर हो असेल तर पश्चात्ताप आहे. तो इच्छेत असतो, डोळ्यांत पाणी आले तर आले. देवावरच्या प्रेमापोटी वाटणारे दुःख सर्वांत उत्तम. पण पापाची किळस वाटली, परिणामांची भीती वाटली, एवढ्यानेही ह्या संस्कारात क्षमा मिळते, अशी चर्चची उदार शिकवण आहे. सुरुवात तोकडी असली तरी चालते.

'पण मी पुन्हा तेच करणार हे मला माहीत आहे, मग निश्चयाला काय अर्थ?' हा प्रश्न तरुण मुले हमखास विचारतात. निश्चय म्हणजे भविष्यकथन नव्हे. आज, ह्या क्षणी, मला ते नको आहे आणि त्यासाठी मी एक पाऊल टाकायला तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते पाऊल मात्र खरे असावे. रात्री मोबाइल उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणे. दारू सुटत नसेल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला जाणे. कार्यालयातल्या ज्या टेबलाशी चहाबरोबर कुचाळक्या चालतात तिथून पाच मिनिटे आधी उठणे. जखम खोल असली की वैद्य रोज पट्टी बदलायला बोलावतो, 'काल तर बांधली होती' म्हणून परत पाठवत नाही. तीच तीच पापे घेऊन येणाऱ्यालाही चर्च परत पाठवत नाही.

ह्या बाबतीत इटलीतल्या पदुवाचे संत लिओपोल्ड मांदिच मला फार जवळचे वाटतात. १८६६ साली जन्मलेले, मूळ क्रोएशियन, साडेचार फुटांचे, बोलताना अडखळणारे, कापुचिन मठसंघातले धर्मगुरू. प्रवचन देणे त्यांना जमण्यासारखे नव्हते, म्हणून एका लहानशा खोलीत बसून त्यांनी अनेक दशके रोज दहा-बारा तास लोकांची कुमसारे ऐकली. ते फार सौम्य आहेत, सहज क्षमा करून टाकतात, अशी तक्रार झाली. ते क्रुसाकडे बोट दाखवत आणि म्हणत की उदाहरण त्याने घालून दिले आहे. १९४२ साली ते वारले. दोन वर्षांनी बॉम्बहल्ल्यात त्यांचा मठ उद्ध्वस्त झाला, ती खोली तेवढी वाचली. ही खोली आजही लोक पाहायला जातात. १९८३ साली त्यांना संतपद मिळाले.

खुर्चीपाशी

आत गेल्यावर क्रुसाची खूण करायची आणि शेवटचे कुमसार कधी झाले ते सांगायचे. आपण विवाहित आहोत, विद्यार्थी आहोत, एवढे सांगितले तर फादरांना बोलायला सोपे जाते. मग पापे. भाषा आपली वापरावी. फादर आपल्या भागातले असतील तर सामवेदी किंवा वाडवळी ह्या वसईकडच्या बोलीतही सांगा, पुस्तकी मराठी जमवत बसू नका. परदेशात, जिथे आपली भाषा जाणणारे फादर नाहीत, तिथे दुभाष्याच्या मदतीने कुमसार करण्याची मुभा कॅनन लॉने, म्हणजे चर्चच्या कायद्याने, दिलेली आहे आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन असते. गावातले फादर रोज भेटतात म्हणून अवघड वाटत असेल तर शेजारच्या धर्मग्रामात जा. कोणाकडे कुमसार करायचे हे निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आपल्याला आहे. जाळीआड बसायचे की समोर, हेही.

गुप्ततेबद्दल शंका ठेवू नये. फादरांनी ऐकलेले कोणत्याही कारणासाठी, शब्दाने किंवा खुणेने, कोणालाही कळू द्यायचे नसते. ज्याने सांगितले त्याच्याशीही, त्याने स्वतः विषय काढल्याशिवाय, पुढे त्याबद्दल बोलायचे नसते. जाणूनबुजून, थेटपणे गुप्ततेची ही मुद्रा मोडणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडे, म्हणजे पोपच्या कार्यालयाकडे, राखून ठेवलेला आहे.

त्यानंतर फादर काही शब्द बोलतात आणि प्रायश्चित्त सांगतात. 'नमो मारिया' ही प्रार्थना तीनदा म्हणायला सांगितली तर ती पापाची किंमत समजू नये. क्षमा फुकट आहे. प्रायश्चित्त ही वळलेल्या माणसाची पहिली कृती. म्हणून ते चर्चमधून निघण्याआधी किंवा त्याच दिवशी करावे. पण जिथे कोणाचे नुकसान झाले आहे तिथे नमो मारियावर भागत नाही. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूला घरी घेऊन गेला तेव्हा त्याने लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याची तयारी दाखवली. घेतलेले पैसे परत करायला हवेत, पसरवलेली बदनामी जिथे जिथे पोहोचवली तिथे जाऊन दुरुस्त करायला हवी. सहीच्या कागदावर बहिणीचा हिस्सा हडपून ईस्टरच्या मिस्साला पुढच्या बाकावर बसणे, ह्याला कुमसार झाकू शकत नाही.

थेट देवाकडेच का नको?

हा प्रश्न फक्त इतर धर्मीय विचारत नाहीत, आपली मुलेही विचारतात. देवाकडे थेट क्षमा मागायचीच असते, रोज रात्री. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली तेव्हा रोमनेही आठवण करून दिली की देवावरच्या प्रेमातून आलेला पूर्ण पश्चात्ताप, शक्य होताच कुमसार करण्याच्या निश्चयासह, गंभीर पापाचीही क्षमा मिळवून देतो. तरीही कुमसार का, तर पाप फक्त माझे आणि देवाचे खासगी प्रकरण नसते. घरात मी चिडचिड करते तेव्हा मुले दबून जातात, चर्चमधल्या दोन गटांच्या भांडणात मी तेल ओतते तेव्हा सगळा धर्मग्राम पोळतो. म्हणून क्षमाही त्या कुटुंबाच्या वतीने, एका माणसाच्या तोंडून यावी हे योग्य वाटते. शिवाय एकटीने मागितलेल्या क्षमेत मीच आरोपी आणि मीच न्यायाधीश असते. मनातल्या मनात आपण गोष्टी गुळगुळीत करून घेतो. तोंडाने बोलताना शब्द निवडावा लागतो, आणि तिथे सबब गळून पडते.

'फादरही पापीच ना?' होय. तेही दुसऱ्या फादरांपुढे गुडघे टेकतात, कारण स्वतःला क्षमा देण्याचा अधिकार कोणालाच नाही. २८ मार्च २०१४ रोजी सेंट पीटर्स बॅसिलिकात पोप फ्रान्सिस कुमसारे ऐकायला निघाले होते. सोबतच्या धर्मगुरूंनी त्यांच्यासाठी ठेवलेली जागा दाखवली, पण ते वळून दुसऱ्या कुमसार-पेटीपाशी गेले आणि सर्वांसमक्ष एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून त्यांनी आधी आपली कबुली दिली. मुलांना मी हे छायाचित्र दाखवते.

मुलांचा विषय निघालाच आहे तर पालकांना दोन शब्द. १९१० साली पोप दहावे पायस ह्यांनी साधारण सात वर्षांच्या, समज आलेल्या मुलांना कुमसार आणि ख्रिस्तप्रसाद द्यावा असे ठरवले, तेव्हा मोठ्यांचा बराच विरोध होता. मुले ते सहज करतात. बिघडवतो आपण. 'थांब, फादरांना सांगते' अशी धमकी घरात कधीही देऊ नका. कुमसाराहून आलेल्या मुलाला 'काय सांगितलंस?' असे गमतीतही विचारू नका. आणि आपण स्वतः त्यांच्यादेखत रांगेत उभे राहा. आईबाबा मिस्सापुरते येतात आणि कुमसाराला फक्त मुलांना पाठवतात, हे मुलांना लगेच कळते आणि दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) उरकल्यावर तीही यायची थांबतात.

पंधरा-वीस वर्षे न गेलेल्यांनी जुनी प्रार्थना आठवत नाही म्हणून थांबू नये. 'फादर, खूप वर्षांनी आलो आहे, कसे करायचे ते आठवत नाही, मदत करा' एवढे म्हणावे. पुढचे ते विचारत नेतील. अशा कुमसाराला वेळ लागतो, म्हणून ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या रांगेत, मागे तीस माणसे ताटकळत असताना जाऊ नका. धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन करून वेगळी वेळ मागा. वेळ मागणे म्हणजे फादरांना त्रास देणे नव्हे. लोकांना सोयीच्या दिवशी आणि वेळी कुमसार करता यावे अशी व्यवस्था करणे त्यांच्यावर कॅनन लॉने बंधनकारक केले आहे. घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल आणि फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी येणार असतील तर आदल्या दिवशीच त्यांना कळवा की आजींना कुमसारही करायचे आहे. ते आले की चहा-पाणी नंतर. आधी टीव्ही बंद करा, दार लोटा आणि सगळ्यांनी ओट्यावर जाऊन बसा. ऐकू कमी येणाऱ्या माणसांना मोठ्याने बोलावे लागते.